‘काय करी ऱ्हायना?’ म्हणजे इंग्रजीत काय?

[दृश्य: भुसावळ स्थानक, पहाट. गाड्यांच्या घोषणा.]

भुसावळात इंग्रजी रेल्वेसोबत आली. वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांच्या तोंडून ती बाजारातही ऐकू यायची. खेड्यांत मात्र इंग्रजी म्हणजे दहावीचा पेपर. “पोरगं कशात गेलं?” “इंग्रजीत.” पुढचं कुणी विचारत नसे. पाचवीत एबीसीडी गिरवायची, दहावीत गटांगळी खायची. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. धाक तरीही गेला नाही.

दहावीपर्यंत ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणणारा मुलगा अकरावी सायन्सला गेला की वर्गात एकदम ‘ग्रॅव्हिटी’ होते. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा 2017 पासून मराठीतही देता येते, पण क्लास आणि प्रश्नसंच बहुतेक इंग्रजीतच. म्हणून पालक आधीपासूनच सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, मागतात.

[दृश्य: धुळे. दुपार. ओट्याला टेकवलेला मोबाइल.]

सगळ्यात नवी विद्यार्थिनी ही आई. मुलगी इंग्रजी माध्यमात, शाळेच्या ग्रुपवर येणारी प्रत्येक सूचना इंग्रजीत. दरवेळी शेजारणीला काय विचारायचं? भांडी आटोपली की ती व्हिडिओ लावून वाक्यं पुटपुटते. तिला नोकरी नको, परदेश तर नकोच. पालकसभेत मागच्या बाकावर गप्प बसायचं नाही, एवढंच. इंग्रजीच्या जाहिराती या बाईला कधी दाखवत नाहीत.

रावेरकडे कारण रोकडं आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला घड खोक्यात बसून आखातात जातो. खरेदीदाराच्या मेसेजला उत्तर द्यायचं, तर शेतकऱ्याच्या पोराला मोजकीच इंग्रजी लागते. व्याकरण चुकलं तर चालतं, भाव चुकला तर नाही.

[दृश्य: सातपुडा, धडगावचा घाट.]

इथल्या पोराच्या घरात पावरी किंवा भिली बोली. शाळेतली मराठीच त्याला परकी. आदिवासी विकास विभाग काही मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो. मातृभाषा सुटते म्हणून शहरात हळहळ होते, पण या घराला कुणी विचारलं होतं का, की पहिलीचं पुस्तक तुमच्या भाषेत हवं?

अहिराणी ही खानदेशची बोली बोलणाऱ्या पोरांचंही थोडंफार तेच. मास्तरांनी आधी ‘शुद्ध’ बोलण्यासाठी टोकलं, मग इंग्रजीसाठी. एवढी टोकणी खाल्लेला पोरगा वर्गात तोंड उघडत नाही, त्यात नवल नाही.

[दृश्य: जळगाव. जिन्यावरचा स्पोकन इंग्लिशचा क्लास.]

सर फळ्यावर लिहितात, “व्हॉट आर यू डूइंग?” मागून कुजबुज येते, “काय करी ऱ्हायना?” वर्ग हसतो. सर हसत नाहीत. खडू उचलून ‘डूइंग’खाली ‘करी’ लिहितात, ‘आर’खाली ‘ऱ्हायना’.

“आता उत्तर दे भो. आधी अहिराणीत.”