ढिला टाका

(कोल्हापूर, महाद्वार रोड. संध्याकाळची गर्दी, दुकानदारांच्या हाका.)

बस्ता बांधून माणसं दुकानातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना वाटतं, झालं काम. साड्या पिशवीत, पैसे चुकते, आता अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि घर गाठायचं. पण त्या पिशवीतली एकही पाचवारी अजून नेसण्याजोगी नसते. निऱ्यांच्या खाली आतून लावायची ती पट्टी, फॉल, कुठाय?

पुढचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. कुठल्याही गल्लीत वळा, ‘फॉल-पिको करून मिळेल’ ही पाटी असतेच. कधी पेंटनं रंगवलेली, कधी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं. मंगळवार पेठेतल्या अशाच एका पाटीमागं आम्ही कॅमेरा लावून बसलो.

(उंबरठा. मांडीवर पसरलेली जांभळी साडी, चष्मा, सुई.)

यांना आम्ही काकीच म्हणतो. नाव सांगायला त्या राजी नाहीत. “नाव कशाला? काम बघा की.” बसतात उंबरठ्याशीच, दिवसाच्या उजेडात. जांभळ्यावर जांभळा दोरा ट्यूबखाली धड दिसत नाही.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. कॅमेरामनला साडीच्या सुलट बाजूनं टाक्याचा क्लोजअप हवा होता. बराच वेळ तो फोकस शोधत राहिला. काही सापडेना. काकी हसल्या. “दिसला तर माझं पैसं बुडालं म्हणायचं!”

तर कॅमेरा आता उलट बाजूला आलाय. बघा.

(हातांचा क्लोजअप.)

कुणी याला तुरपाई म्हणतं, कुणी हातशिलाई; शिंप्याच्या दुकानात सरळ हेमिंग. दोरा एकपदरी, कोपरापासून बोटाच्या टोकाएवढा. त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. सुई साडीचे एक-दोन धागे उचलते, तेवढेच. मग तिरकी जाऊन फॉलच्या दुमडीतून वर येते. थोडं अंतर, पुन्हा तेच. तीन मीटरचा फॉल, सेंटिमीटरला एक टाका धरला तरी दोन्ही कडा मिळून सहाशे टाके होतात. काकी मोजत नाहीत. रेडिओ चालू असतो.

आता खरी गोष्ट. टाका घालून झाला की दोरा ओढायचा नाही.

“वढलंस की चुण्या पडत्यात. येवढा ढिला ठेवायचा.” सुई थांबवून त्या दाखवतात. दोरा कापडावर नुसता टेकलेला. शिकायला येणाऱ्या मुली नेमक्या इथंच अडतात. घट्ट म्हणजे पक्कं, असंच डोक्यात बसलेलं असतं.

ढिलाच का? साडी रेशमी किंवा सिंथेटिक, फॉल सुती. सुती कापड पाण्यात आटतं, साडी तेवढी आटत नाही. म्हणून आणलेला फॉल आधी भिजत घालायचा, वाळवायचा, इस्त्री करायची. तरीही पुढच्या धुण्यात तो आणखी थोडा आटतोच. मशिनची टीप वरचा दोरा आणि खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा एकमेकांत अडकवून कापड दाबून धरते. मग फॉल आटला की साडीलाही ओढतो, आणि निऱ्यांच्या खाली लाटा उठतात. हातचा ढिला टाका फॉलला थोडं हलू देतो. आजकाल बरेच जण खालची कड मशिनवर मारून वरची तेवढी हातानं करतात. काकींना ते पसंत नाही, पण घाईच्या गिऱ्हाईकाला त्याही तसंच करून देतात. लग्नसराईत तत्त्वं थोडी बाजूला ठेवावी लागतात.

फॉल लागतो तो पायाशी. आतल्या पदराकडून वीतभर सोडून सुरुवात करायची, म्हणजे पहिला वेढा आणि निऱ्या त्यात येतात. चपलेचं घासणं, जमिनीची धूळ सगळं फॉल झेलतो. साडीच्या लांब किनारी तशा सुटत नाहीत. विणताना आडवा धागा तिथून वळून परत येतो. कापलेली असतात ती फक्त दोन टोकं. पिको, म्हणजे कड सुटू नये म्हणून मारलेली मशिनची बारीक शिलाई, ती तिथं.

(रस्त्यावरून जाणारा टेम्पो, कापडाच्या गठड्या.)

कापडाला इथं तोटा नाही. शाहू महाराजांच्या काळात, 1906 साली, कोल्हापुरात सूत आणि कापडाची गिरणी उभी राहिली. इचलकरंजीचे माग जवळच. आणि घाऊक बाजार गांधीनगरचा. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या ज्या छावणीत पोलिश निर्वासित राहत होते, तिथं फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, आणि त्या वस्तीचा कापडबाजार झाला. ती गोष्ट वेगळी, तिला वेगळा माहितीपट लागेल.

काकींकडं साड्यांशिवायही काम येतं. ब्लाउजच्या गळ्याची तिरकी पट्टी आतून तुरपायची. अनारकलीचा घेर. घेर तिरक्या कापलेल्या कापडाचा असेल तर त्या आल्या आल्या हात लावत नाहीत. रात्रभर हँगरला टांगतात. तिरकं कापड स्वतःच्या वजनानं उतरतं, काही जागी जास्त, काही जागी कमी. सकाळी खाली लोंबलेलं कापून सारखं करायचं, मगच मुडप. घाई केली तर दोन धुण्यांत ड्रेस एका बाजूनं लोंबतो आणि शिव्या शिवणाऱ्याला बसतात.

मे संपत आला की शाळेचे स्कर्ट येतात. शिवतानाच आत चार बोटं जास्त कापड दुमडून ठेवलेलं असतं. शिंपी त्याला माया म्हणतात. पोरगी वाढली की टाके उसवून माया खाली सोडायची. जुन्या घडीची फिकट रेघ मात्र राहते, इस्त्रीनंही जात नाही. त्या रेघेवरून वर्गात कळतं, कुणाचा स्कर्ट मागच्या वर्षीचा. आमच्यातल्या एकीनं तशी रेघ तीन वर्षं मिरवलीये.

तयार पँटची तऱ्हा उलटी. खालची दुमड बऱ्याचदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याची. नको ते टोक हाताला लागलं की सगळी सुटते, तीही ऑफिसच्या जिन्यात. मग मंडळी येतात इथं, पँट कॅरीबॅगमध्ये लपवून.

“चष्मा लागला तवा म्हटलं, सोडतो आता हे.” कोल्हापुरात बायकाही ‘सोडतो’, ‘जातो’च म्हणतात. “न्हाई सुटलं.”

(काकी एक जुनी, विटकी हिरवी साडी उलगडतात.)

ही साडी नवी नाही. फॉल पायाशी विरलाय, साडी अजून धडधाकट. काकी एका टोकाशी ब्लेडनं एक टाका कापतात, दोऱ्याचं टोक चिमटीत धरतात आणि ओढतात. सरसर करत हातभर दोरा एका दमात निघून येतो. पुढचा टाका, पुन्हा सरसर. दहा मिनिटांत जुना फॉल मांडीवर. साडी उजेडापुढं धरून त्या किनार निरखतात. भोक एकही नाही.

“मशिनचं आसतं तर जाळी झाली आसती,” त्या म्हणतात, आणि नवा फॉल बादलीत बुडवतात.