पाखरं आणि आकाश, दोन्हींसाठी एक दुर्बीण

मंडळी, दुर्बिणीवर १०×४२ लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे. पण पहिला आकडा हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढवतो, म्हणून साध्या दुर्बिणीत आपण ८ किंवा १० वर थांबतो. त्यापुढे गेलं की मोठं दिसतं, नीट दिसत नाही. स्थिरीकरणाची, म्हणजे बटण दाबलं की चित्र स्थिर धरणारी दुर्बीण ही हाताची अडचण दूर करते. मग प्रश्न उरतो तो वजनाचा, दृष्टिक्षेत्राचा (एका वेळी किती रुंद भाग दिसतो त्याचा) आणि प्रकाशाचा. दुकानात मात्र गिऱ्हाईक सगळ्यात मोठा पहिला आकडा मागतं आणि तिथंच फसतं.

आत काय चालतं ते समजून घेतलं की निवड सोपी होते. कॅननच्या १५×५० सारख्या दुर्बिणीत दोन काचांच्या मधे सिलिकॉन तेल भरलेलं लवचीक प्रिझम असतं. हालचाल टिपली गेली की काचेचा कोन बदलतो आणि प्रकाशाची वाट उलट दिशेला वळते. ही दुरुस्ती एखाद्या अंशाच्या आसपास चालते. हाताचा कंप, श्वास, छातीची धडधड यांना तेवढी पुरते. फुजिनॉनच्या १४×४० चं काम वेगळं आहे: तिच्यात प्रिझम तोललेल्या चौकटीत बसवलेले असतात आणि पाच अंशांच्या हेलकाव्यालाही ती दाद देत नाही. अशी दुर्बीण बोटीवर, फार तर चालत्या जिप्सीत शोभते. धानाच्या बांधीवर सारसांची जोडी उडाली आणि तुम्ही तिच्यामागे दुर्बीण वळवलीत, तर ती तुमचं वळणंही थरथरच समजते. चित्र आधी मागे रेंगाळतं, मग झटक्याने पुढे सरकतं. लहान दुरुस्तीच्या दुर्बिणीतही हे थोडं होतंच. उपाय एकच: पक्षी उडताना बटण सोडायचं, बसला की दाबायचं.

बसलेल्या पक्ष्यावर मात्र खरी वसुली होते. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठच्या चिखलात ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी शेजारी शेजारी चरत असतात. भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते की पुढेच संपते, एवढाच पुरावा कधीकधी हाती असतो. हातात हलणाऱ्या १० पटीत तो निसटतो, स्थिर १० पटीत मिळतो. सारसाच्या घरट्याजवळ जाऊ नये म्हणतात, तर लांबून पाहायलाही हेच साधन बरं.

आता आकाश. स्थिरीकरणाने प्रकाश वाढत नाही, तो व्यासानेच मिळतो. तरी स्थिर चित्रात अंधूक तारे जास्त दिसतात, कारण ताऱ्याचा ठिपका डोळ्यात एकाच जागी टिकतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी सप्तर्षीतला वसिष्ठ पाहा. अरुंधती साध्या डोळ्यांनाही दिसते, पण वसिष्ठ स्वतः जोडतारा आहे आणि त्याचे दोन तारे जेमतेम १४ विकलांच्या अंतरावर आहेत (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). १५×५० मध्ये, बटण दाबल्यावर ते सुटे दिसायला हवेत. याहून चांगली परीक्षा नाही. आपण विदर्भात, २१ अक्षांशावर असल्यामुळे नरतुरंगातला ओमेगा हा तारकागुच्छही दक्षिणेला २१ अंश वर येतो. मेच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास पाहा. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा परिसर २०२४ साली भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. तिथं तो सहज सापडेल. गुरूचे चंद्र १० पटीतही मिळतात. शनीचं कडं सुटं दिसेल, ही आशा मात्र यातल्या कुठल्याही दुर्बिणीकडून ठेवू नका.

व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. १०×४२ मध्ये ४.२ मिमी, १५×५० मध्ये ३.३, १२×३६ मध्ये ३. सांजेला रातवा किंवा घुबड पाहायचं तर पहिली चांगली. आकाशात तुमच्या वयाने फरक पडतो: साठी ओलांडलेल्यांची बाहुली अंधारात फारशी उघडत नाही, त्यांना ३ मिमीही पुरतात. माझा कौल असा: पाखरं आधी असतील तर कॅननची स्थिरीकरणाची १०×४२, कारण दृष्टिक्षेत्र साडेसहा अंशांचं, जवळची नजर अडीच मीटरपर्यंत आणि पाणी आत जात नाही. वजन १.१ किलो, ते मानेवर नको, खांद्याच्या पट्ट्यावर घ्या. आकाश आधी असेल तर १५×५०, क्षेत्र साडेचार अंश. दिवसभर पायी फिरणाऱ्यांना १२×३६ हलकी, पाऊण किलोच्या आत, पण तिला पावसात नेऊ नये. १५×५० आणि १२×३६ साधारण सहा मीटरच्या अलीकडचं पाहत नाहीत; बांबूत जवळ बसलेला पक्षी दोन्हींना हुकतो. रात्री खुर्चीत पाहण्यापेक्षा बाजेवर उताणं पडून पाहा, मान वाचते.

चष्मा असेल तर तो लावूनच तपासा. केवळ जवळचं किंवा लांबचं दिसत नसेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो, पण डोळ्यात दंडगोलाकार दोष (चष्म्याचा सिलिंडर नंबर) असेल तर चष्म्याविना तारे फिसकटलेलेच राहतात. दुकानात उभं राहून समोरच्या पाटीची बारीक अक्षरं वाचा, बटण दाबून दहा सेकंद थांबा. अक्षरं मधूनच पुसट होत असतील तर दुसरा नग मागा.

चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर तापलेल्या बांधीवरची हवा थरथरते. त्यावर कुठलंच बटण चालत नाही, लवकर उठायचं. दुर्बीण गाडीत उन्हात ठेवू नका, काही जुन्या दुर्बिणींचं रबरी आवरण त्याने चिकट होतं. साध्या पेन्सिल सेलवर स्थिरीकरण फार टिकत नाही, रिचार्जवाले निकेलचे घ्या आणि एक जोडी खिशात ठेवा. पावसाळ्यात सेल काढूनच ठेवायचे, गळालेल्या सेलने पट्ट्या गंजतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दुर्बीण ठेवा, दाणे ओलावले की तव्यावर हलके तापवा आणि गार झाल्यावरच परत डब्यात घाला.