खिडकीसमोरची मोकळी जागा

नमस्कार श्रोतेहो. गिरगाव, भुलेश्वर, मांडवीच्या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हाऊस गल्ली सांगायला नको. दोन चाळींच्या पाठींमधली ती अरुंद फट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टोपलीचे संडास त्याच फटीत उघडत, मोऱ्यांचं पाणी तिथंच तुंबे, आणि हलालखोर म्हणवले जाणारे सफाई कामगार मैल्याच्या टोपल्या तिथूनच वाहून नेत. मागच्या खोलीची एकुलती एक खिडकीही त्याच फटीत. त्या खोलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आला. मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि गल्लीतली घाण एकाएकी सरकारच्या डोळ्यांवर आली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यात जुनी घरं पाडली गेली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, समुद्राचा वारा शहरात शिरावा म्हणून. दादर-माटुंग्याची आखणीही ट्रस्टचीच.

पण ज्याची खोली पाडली, तो कुठे गेला? गोदीतला हमाल, गिरणीतला कामगार कामापासून लांब राहूच शकत नव्हता. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत बिऱ्हाड घेऊन शिरला. पहिल्या दहा वर्षांत ट्रस्टनं बांधल्यापेक्षा पाडलं जास्त, आणि दाटी तेवढी पुढच्या गल्लीत सरकली. या चुकीची किंमत गरिबांनी मोजली, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

1909 नंतर ट्रस्टचे अध्यक्ष होते जे. पी. ऑर. त्यांनी 1912 च्या व्याख्यानात उजेड आणि हवा यांचा आग्रह धरला. त्यांचं माप साडेत्रेसष्ट अंशांचं होतं. सोप्या भाषेत, समोरची भिंत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी हवी. भिंत चाळीस फूट, तर मोकळी जागा वीस फूट. इतकं साधं माप, पण ते पाळलं तर तळमजल्यावरच्या बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आभाळाचा उजेड पोचतो. 1921 मध्ये मुंबईत नोंदीप्रमाणे हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. एका खोलीच्या घरांत तर याहूनही जास्त.

विसाच्या दशकात बीडीडी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून दोनशेच्या वर. खोल्या लहान, संडास सामाईक, पण चाळी-चाळींमध्ये अंतर राखलं होतं. तिथं मुलं खेळली, सभा झाल्या, गणपती बसले.

आणि गेल्या काही दशकांत आपण गोवंडी-मानखुर्दला काय बांधलं? लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. झोपडीतून हलवलेली माणसं पक्क्या घरात आली, संडास घरात आला, ही मोठी गोष्ट. पण दोन इमारतींमध्ये तीनेक मीटरचं अंतर! तिथल्या घरांची पाहणी झाली, तेव्हा कमी उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. नवी हाऊस गल्लीच ती, फक्त सात-आठ मजली.

श्रोतेहो, तुमच्या चाळीचा किंवा वस्तीचा पुनर्विकास होणार असेल, तर सभेत नकाशा मांडतील. कार्पेट एरिया तर सगळेच विचारतात. तुम्ही दोन इमारतींमधलं अंतर विचारा. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत डिसेंबरात किती तास ऊन येणार, तेही विचारा, आणि उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.