रंगाखालचं बीड

(दृश्य : ठाणे, वागळे इस्टेट. गाळ्याचं शटर अर्धं वर. लाकडी टेबलावर चार कॅलिपर.)

टेबलावर चार कॅलिपर आहेत, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे बिडाचे, ओतीव लोखंडाचे भाग. चारही पुढच्या चाकांचे, चारही वापरलेले. उजव्या टोकाचा चंदेरी, चकचकीत, वर 'रिकंडिशन्ड' अशी चिठ्ठी. डाव्या टोकाचा गंजून तांबूस झालेला. गाडीला लावायच्या लायकीचा आहे तो तांबूस. हे पटवायला आधी चंदेरीचा रंग खरवडावा लागेल.

(दृश्य : पत्र्याच्या पट्टीने रंग खरवडणारा हात. जवळून.)

हवा काढायच्या निपलच्या आट्यांत रंग गेलाय. ब्रेकची नळी जिथे बोल्टने बसते त्या गुळगुळीत जागेवरही रंग आहे. तिथे तांब्याचा वॉशर बसतो. वॉशर रंगावर बसला की पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. पण ब्रेक ऑइल रंग खातं. रंग सुटतो, वॉशर सैल होतो, ऑइल झिरपतं. आणि हे डस्ट बूट बघा, पिस्टनभोवतीचं रबर. त्याच्या घड्यांतही चंदेरी रंग. म्हणजे हा कॅलिपर कुणी खोललेलाच नाही. वरून वाळूचा मारा केला, फवारा मारला, चिठ्ठी लावली.

(दृश्य : तुर्भे. जुन्या सुट्या भागांचे ढीग, ताडपत्री, पाऊस.)

जुन्या कॅलिपरला गिऱ्हाईक बहुतेक एकाच कारणाने येतं. गाडी खालच्या व्हेरिअंटची असते, वरच्या व्हेरिअंटला मोठी डिस्क असते, आणि ती आपल्या गाडीला बसते. कल्पना चांगली आहे. फक्त ब्रेक नेमका कशाने वाढतो तेवढं समजून ढिगापुढे उभं राहावं.

डिस्क 256 मिलिमीटरची होती, 280 ची केली, तर पेडलवरचा पाय तोच ठेवून ब्रेकचा जोर साधारण 10 ते 12 टक्के वाढतो. पिस्टन 54 चा होता, 57 चा केला, तर 11 टक्के. आकडे सारखेच दिसतात. पण पिस्टन मोठा केला की तेवढंच जास्त ऑइल ढकलावं लागतं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा पंप, जुनाच असतो, म्हणून पेडल खोल जातं. मोठ्या डिस्कला ही किंमत मोजावी लागत नाही. कित्येक गाड्यांत दोन्ही व्हेरिअंटचा कॅलिपर एकच असतो, बदलतो तो ब्रॅकेट, कॅलिपरला चाकाच्या मध्यापासून लांब धरणारा बिडाचा आधार. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा : ब्रॅकेट सोबत आहे का? नसेल तर कॅलिपर कितीही छान असो, पुढच्या ढिगाकडे.

चार पिस्टनवाल्यांचा मोह इथेच उतरवून ठेवू. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये हिशेबाला एका बाजूचे दोनच धरतात. 40 मिलिमीटरचे दोन पिस्टन म्हणजे 2513 चौरस मिलिमीटर. 57 चा एकटा पिस्टन म्हणजे 2552. फरक नाहीच म्हणा. चार पिस्टनचा फायदा पॅड सारखा दाबला जाण्यात आणि कॅलिपर कमी ताणला जाण्यात आहे. शर्यतीसाठी बनवलेल्या काही कॅलिपरना तर डस्ट बूटच नसतं. ते घेऊन जुलैत घोडबंदर रोडच्या चिखलातून जायचं असेल तर हरकत नाही, पण पिस्टन दर काही महिन्यांनी बाहेर काढून धुवायची तयारी ठेवा. (लाल रंगाची प्लॅस्टिकची टोपी कॅलिपरवर चिकटवून मिळते, तिच्याबद्दल बोलायचं कारण नाही.)

(दृश्य : ढिगातून उचललेला कॅलिपर. हाताने ओढलेली गाइड पिन.)

दुकानात हत्यारं नसली तरी बरंच कळतं. दोन्ही गाइड पिना, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दांड्या, हाताने ओढा, फिरवा. हाताने सरकली तर ठीक. हातोडी मागणारी पिन म्हणजे ब्रॅकेटचं भोक आतून गंजलेलं. कॅलिपरचे कान, म्हणजे बोल्टची भोकं असलेले लग, सपाट फरशीवर टेकवून बघा. डुगडुगला तर तो धडकलेल्या गाडीचा. डस्ट बूटची कड नखाने उचला. आत कोरडी बारीक माती असेल तर चालेल. ओला, चॉकलेटी चिखल असेल तर पिस्टन गंजला असं धरूनच भाव करा. निपलवर सहा कोनी सॉकेट लावा, बारा कोनी नाही, आणि हळूच सैल होतंय का बघा. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, कोपरीत काय नि ऐरोलीत काय, उघड्यावर उभ्या गाड्यांचं निपलच आधी धरतं. तुटलं तर उरलेला तुकडा लेथवाल्याकडे.

आणि जोडी नीट जुळवा. ढिगात दोन्ही डावे हाताला लागणं रोजचं आहे. ते दोन्हीकडे बसतातही. पण उजवीकडे लावलेल्या डाव्याचं निपल खाली जातं, हवा वर अडकते, आणि लिटरभर ऑइल घालूनही पेडल स्पंजासारखंच राहतं. बसवल्यावर निपल वर आलं पाहिजे.

(दृश्य : वागळे. तांबूस कॅलिपर पकडीत. कॉम्प्रेसरची नळी. थोडा वेळ निवेदन नाही, फक्त यंत्राचा आवाज.)

आता तांबूस. पिस्टन हवेने काढायचा. समोर लाकडाचा ठोकळा, हवा थोडी थोडी, बोटं कधीच मधे नाहीत.

(दृश्य : पिस्टन ठोकळ्यावर आदळतो.)

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये सील सिलिंडरच्या खाचेत बसतं आणि घासतं पिस्टनच्या अंगावर. म्हणून सिलिंडरच्या भिंतीवरच्या बारीक ओरखड्यांनी काही बिघडत नाही. मास्टर सिलिंडरचं नेमकं उलटं. तिथे सील पिस्टनवर असतं आणि भिंत आरसा लागते. हा फरक न कळल्यामुळे किती धडधाकट बीड भंगारात वितळायला जातं, ते या गाळ्यामागच्या ढिगात बघा.

(दृश्य : पिस्टन उजेडात फिरतोय. नख खड्ड्याशी अडतं.)

बघायचा तो पिस्टन. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा आहे. तो बाहेरच्या कडेला, बूटाच्या पलीकडे असता तर सोडून दिला असता. पण हा सीलच्या वाटेवर आहे. एमरी पेपरने घासून चालत नाही. क्रोम गेला की खालचं पोलाद पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. पिस्टन नवा. काही गाड्यांचा पिस्टन बेकलाइटसारख्या काळपट-तपकिरी फिनॉलिकचा असतो. त्याच्या कडेचा टवका उडालेला असला तरी तेच.

जुनं सील लाकडी काडीने काढतायत. स्क्रू ड्रायव्हरने खाचेत ओरखडा पडतो, आणि खाच हाच या कॅलिपरचा जीव आहे. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे आणणारी स्प्रिंग इथे नसते. चौकोनी काटाचं हे रबर पिस्टनला धरून किंचित वाकतं. दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढं मागे ओढतं. खाचेच्या कोपऱ्यात गंज फुगला की सील वर उचललं जातं, पिस्टनला आवळतं, पॅड घासत राहतो, चाक तापतं. नवं सील किट घालूनही कॅलिपर जाम होतो तो यामुळे. म्हणून कोपरे असे पितळी टोकाने, गोल फिरत, एकेक करून. वाळूचा मारा इथे नको. खाचेची कड खरखरीत होते आणि कण आत राहतात.

(दृश्य : काळपट खाच हळूहळू करडी होते.)

धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर. पेट्रोल, रॉकेल, डिझेल नाही. ही सीलं ईपीडीएम रबराची असतात, खनिज तेलाने फुगतात. सीलला ताजं ब्रेक ऑइल, पिस्टन सरळ, दोन्ही अंगठ्यांनी. तिरका गेला तर बाहेर काढून पुन्हा. गाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस, बेअरिंगचं नाही. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बाही असेल तर ती ज्या भोकातून निघाली त्याच भोकात. निपल नवं. नळीच्या बोल्टचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे.

(दृश्य : पाण्याच्या टबात कॅलिपर. बुडबुडा नाही. मग हातपंप, दाबाचा काटा.)

चाचणी दोनदा. आधी कमी दाबाची हवा, पाण्यात. मग हातपंपाने ऑइलचा दाब, 100 बारच्या घरात, जोरात ब्रेक मारल्यावर नळीत येतो साधारण तेवढा. जास्त दाबाखाली सील आपोआप आवळलं जातं. चोर सापडतो तो कमी दाबात. तयार माल विकणाऱ्याला एवढंच विचारा : कमी दाबाला तपासलाय का? उत्तराला लागणाऱ्या वेळावरूनच कळतं.

हे सगळं चुकलं तर पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही.

(दृश्य : गाडी जॅकस्टँडवर. रिमच्या आत कॅलिपर.)

बसवताना पॅड नवे. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर हवी. 280 ची डिस्क 14 इंची रिममध्ये सहसा मावत नाही, 15 इंची लागते. कॅलिपरच्या पाठीवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी चिकटवून चाक हाताने फिरवा. चपटी झालेली गोळी 3 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर रिम बदला. ब्रेक ऑइल डॉट 4 प्रतीचं, सीलबंद डब्यातलं. बोल्टचे टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधले, अंदाजाने नाही. ज्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेक असतो त्याचे पिस्टन बहुधा दाबून नाही, फिरवून आत जातात. तसा कॅलिपर आज टेबलावर नाही.

(दृश्य : घोडबंदर रोड, गायमुखचा उतार. समोर कंटेनरची रांग. मग रस्त्याच्या कडेला, इन्फ्रारेड थर्मामीटर डिस्कवर.)

उतार संपला की दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान. आकडे जवळजवळ हवेत. 30-40 अंशांचा फरक असेल तर गरम बाजूचा पिस्टन किंवा पिन धरतेय, किंवा थंड बाजूचा कॅलिपर कामच करत नाहीये. पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाक काढून तांब्याच्या वॉशरभोवती पांढरा कागद फिरवायचा.

(दृश्य : कागद. कोरडा.)