दुधाच्या फुल्या आणि निळे ठिपके

नमस्कार मैत्रिणींनो. आज १८ ऑक्टोबर, जागतिक रजोनिवृत्ती दिन. आपल्याकडे पाळी जाते ती साधारण सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीत. पण त्याआधी काही वर्षं शरीर खुणा करत असतं, आणि आपण त्यांना ॲसिडिटी म्हणतो, नाहीतर टेन्शन.

चव्वेचाळीस वर्षांची एक बाई डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनला छातीत धडधडून जाग येते. मान, पाठ घामानं चिंब. उठून पंखा पाचवर करायचा, आणि दहा मिनिटांत थंडी वाजली की पुन्हा गोधडी ओढायची. घरचे घाबरतात. ईसीजी होतो, इको होतो, दोन्ही चांगले. ते केलं हे बरोबरच. धडधड अंगावर काढू नये. पण मग धडधडतं कशानं? एके दिवशी दुधाचा हिशेब लागेना म्हणून थोरली जाऊ स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली उतरवते. खाड्यांच्या फुल्या, आणि मधेमधे निळ्या पेनाचे बारीक ठिपके. "हे काय गं?" "पाळीच्या तारखा, वहिनी." जाऊबाई दूध विसरतात आणि ठिपके मोजायला लागतात. अठ्ठावीस दिवस, सत्तावीस, मग छत्तीस, चोवीस, एक्केचाळीस! "अगं, माझी जायच्या आधी अशीच मागंपुढं व्हायची. रात्री उठून मी ओट्यापाशी फरशीवर बसायचे, गार लागायची म्हणून." उत्तर कॅलेंडरवर वर्षभर टांगलेलं होतं.

म्हणून ठिपका मारा. मोजायचं कसं? एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. लागोपाठच्या दोन अंतरांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक, आणि तो पुन्हा पुन्हा, ही सुरुवात. पुन्हा सांगते, सात दिवसांचा फरक. पुढे साठ दिवस पाळी आली नाही, तर पाळी जाण्याआधीचा शेवटचा टप्पा सुरू झाला. ठिपक्याशेजारी घ घाम, झ झोपमोड असंही लिहा.

आणि गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो, ठिपक्यांचा हिशेबही बिघडतो. गौरी आपल्याच माहेरवाशिणी, त्या रागावत नाहीत.

पंचेचाळिशीनंतर निदानासाठी हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही; आकडा आज वर, उद्या खाली. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासा, थायरॉईडनंही घाम आणि धडधड होते. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. दुपारनंतर चहा-कॉफी नको. नाचणीची भाकरी, रोज अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम. घामाचे झटके सोसवेनात तर हार्मोनच्या उपचारांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळी झालेली असेल तर ते आधी सांगा. या काळात दिवस राहू शकतात, तेव्हा गर्भनिरोधन सोडू नका.

तासाला एक पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातंय, तर कॅलेंडर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि बारा महिने पाळी नसताना एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात.