पहाटेचा गजर लावण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

वजन उतरवायचं ठरलं की आपण पहिली कात्री लावतो ती झोपेला. रात्री साडेदहाला घरी पोचून अकराला जेवणारा माणूस पहाटे पाचचा गजर लावतो, कारण चालायला जायचंय. त्याच्या जिद्दीचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण हा सौदा तोट्याचा आहे. का, तेच आज सांगायचंय.

शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या दहा जणांना दोन-दोन आठवडे मोजूनमापून कमी जेवण दिलं. एका वेळी रात्री साडेआठ तास अंथरुणावर राहायची मुभा होती, दुसऱ्या वेळी फक्त साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, सुमारे तीन किलो. पण नीट झोप मिळाली तेव्हा त्यात चरबी होती १.४ किलो, आणि झोप तुटली तेव्हा अवघी ०.६. बाकीची घट स्नायूंसारख्या, चरबी नसलेल्या भागाची. म्हणजे जे कमवायला आपण व्यायाम करतो, तेच जागरणानं जात होतं.

प्रयोग छोटाच होता, हे खरं. पण त्याच विद्यापीठाचा २०२२ चा मोठा अभ्यास बघा. एरवी साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांची झोप तासाभरानं वाढवली, जेवणाबद्दल काहीच सांगितलं नाही. तरी त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटलं. साधारण एक वडापाव म्हणा ना!

झोप अपुरी झाली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून संध्याकाळी चारला हात फरसाणाच्या डब्याकडे जातो, काकडीकडे नाही. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नका. आदल्या रात्री किती वाजता डोळा लागला, ते आठवा.

उलट बाजूनंही हे खरं आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याला झोप लवकर आणि गाढ लागते. जेवून दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आणि चहा-कॉफी? कॅफीनचा निम्मा अंश रक्तात पाच-सहा तास टिकतो, त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला जागीच असते.

मग वेळ कुठून आणायचा? प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. तो पहाटेच करायला हवा असं कुणी म्हटलेलं नाही. एक स्टॉप आधी उतरून भरभर चाला, दुपारच्या सुट्टीत चाला. घरी पोचायला उशीर होणार असेल तर पोळी-भाजी सातच्या सुमाराला ऑफिसातच खा आणि घरी आल्यावर वाटीभर आमटी किंवा ताक घ्या. एवढ्यानंही अकराला दिवा मालवता येतो.

एक मात्र महत्त्वाचं. सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, मोठ्यानं घोरताना मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डाएट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. हा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. त्याची तपासणी होते आणि त्यावर उपचारही आहेत.

नमस्कार.