बंद खाणीचा नकाशा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: घुग्घुस, सकाळची वेळ. अरुंद गल्ली, दाटीनं उभी घरं.)

२६ ऑगस्ट २०२२. चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस. आमराई वॉर्डातलं एक घर जमिनीत गेलं. आधी हादरे जाणवले म्हणून घरातली माणसं बाहेर धावली, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत भिंती, छप्पर, सगळं सुमारे ७० फूट खोल उतरलं. माणसं वाचली. शेजारपाजारच्या कुटुंबांना घरं सोडून दुसरीकडे जावं लागलं.

या वस्तीखाली कधीकाळी भूमिगत कोळसा खाण होती. तिचं काम थांबून कित्येक वर्षं झाली होती. वर संसार उभे राहिले होते. अंगणात खाट टाकून झोपलेल्या माणसाला आपल्या खाली काय आहे, हे सांगणारं कोणी नव्हतं.

(दृश्य: वर्धा नदीचं खोरं. रेल्वे सायडिंग, दूरवर मातीचे ढिगारे.)

"खदान बंद झाली." चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात हे वाक्य सहज कानावर पडतं. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं ते एवढंच, की कोळसा निघायचा थांबला. कामगारांच्या बदल्या झाल्या, हजेरीची खिडकी मिटली, यंत्रं दुसऱ्या खदानीत गेली. जमिनीखाली मात्र काम चालूच असतं. तिथे पाणी चढत असतं, लाकडी टेकू कुजत असतात, छताचे पापुद्रे सुटत असतात.

हे समजायला भूमिगत खाण आतून कशी असते ते पाहावं लागेल. आपल्याकडच्या जुन्या खाणी बहुतेक 'बोर्ड अँड पिलर' पद्धतीच्या. कोळशाच्या थरात उभे-आडवे बोगदे खणायचे आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे. वरून पाहिलं तर एखाद्या आखीव शहराचा नकाशा वाटावा. नियमानुसार हे बोगदे जास्तीत जास्त ४.८ मीटर रुंद ठेवायचे. पुढे खाणीचं आयुष्य संपत आलं की मागे सरकत हे खांबही काढून घेतात. त्यांच्या जागी जी पोकळी उरते तिला खाणकामगार 'गोफ' म्हणतात. गोफमध्ये छत कोसळतं, आणि ते कोसळावं अशीच योजना असते.

खड्डा खणून तीच माती परत भरली तर माती उरते, हे आपण घरच्या अंगणात पाहिलेलं असतं. फुटलेला खडक जास्त जागा घेतो. त्यामुळे पोकळी जमिनीखाली खूप खोलवर असेल तर वरून पडणारा खडकच ती हळूहळू भरून टाकतो, आणि पडझड मधेच थांबते. पोकळी पृष्ठभागाच्या जवळ असेल तर मात्र ती भरण्याआधीच छत कोसळत कोसळत पृष्ठभागापर्यंत येतं. वर एखादं शेत असतं, रस्ता असतो, घर असतं. म्हणून उथळ जुन्या खाणी सगळ्यात फसव्या. वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि एका पावसाळ्यात होतं.

(दृश्य: कापडावर काढलेला जुना खाण-नकाशा, कडा झिजलेल्या. त्यावरून फिरणारं बोट.)

आम्ही या माहितीपटासाठी जे जे वाचलं, त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. खाण बंद करताना सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तिचा नकाशा. कोणता बोगदा कुठवर गेला, कोणता खांब काढला, कोणता ठेवला, पाणी कुठे साठलं. काम थांबलं की हा अखेरचा नकाशा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे 'डीजीएमएस'कडे, जमा करणं कायद्यानं बंधनकारक आहे.

तो इतका का महत्त्वाचा, ते झारखंडच्या कोळसापट्ट्यानं फार महाग किंमत देऊन शिकवलं. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळची चासनाला खाण. वरच्या बाजूच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामात पाणी साठलेलं होतं. ते फुटून खाली काम करणाऱ्यांवर आलं. ३७५ कामगार गेले. पुन्हा २ फेब्रुवारी २००१ ला झरिया कोळसाक्षेत्रातल्या बागडिगी खाणीत शेजारच्या बंद कामातलं पाणी घुसलं आणि २९ जण बुडाले. जुन्या, पाणी साठलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवं काम नेता येत नाही, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण ६० मीटर मोजायचे कुठून? जुन्या खाणीची हद्द जिथे चुकीची काढली असेल, तिथे हे अंतरही चुकीचंच निघणार.

(दृश्य: इन्क्लाइनचं, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या बोगद्याचं, तोंड. विटांची भिंत, मधून निघालेला पाइप, त्याला लावलेली तोटी.)

आता प्रत्यक्ष बंद करण्याचं काम. ते घाईनं होत नाही. आधी आतलं सामान बाहेर काढायचं. रूळ, केबल, कोळशाचे डबे ओढणारी हॉलेजची दोरी, पंप, तेलाचे डबे. तेल आत राहिलं तर उद्याच्या पाण्यात उतरतं. मग उभ्या चानका, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरी, भरायच्या, वर काँक्रीटची झाकणं टाकायची. तिरक्या इन्क्लाइनच्या तोंडाशी जाड भिंत बांधायची आणि तिच्यात पाइप ठेवायचा, कारण आतली हवा आणि पाणी कधीमधी तपासावं लागतं. बाहेर हवेचा दाब उतरला, म्हणजे वादळी पाऊस जवळ आला, की बंद खाणीतली हवा बाहेर येऊ लागते. त्या हवेत प्राणवायू कमी असतो, कधी मिथेन असतो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की एका ठिणगीनं स्फोट होतो. सोडून दिलेल्या खदानीच्या भगदाडात भंगारासाठी किंवा कोळशासाठी उतरणारी माणसं म्हणूनच जीव गमावतात. आत अंधार दिसतो, हवा दिसत नाही.

दुसरी काळजी आगीची. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला हवा लागत राहिली तर तो आपोआप तापतो. भिंतीला फट राहिली, जमिनीला भेग पडली, की तिथून हवा आत जाते आणि मागे राहिलेला कोळसा धुमसू लागतो. झरियात १९१६ साली दिसलेली आग आजही पूर्ण विझलेली नाही. म्हणून भेगा मातीनं बुजवत राहणं हे बंद खाणीवरचं दरवर्षीचं काम आहे. दिसायला ते किरकोळ, पण ते करायला माणूस आणि पैसा लागतो.

पैशाचं बोलायलाच हवं. २७ ऑगस्ट २००९ ला केंद्रीय कोळसा मंत्रालयानं खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. खाण सुरू करतानाच ती बंद कशी करणार याचा आराखडा द्यायचा. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये हा खर्च धरून, दरवर्षी वाढत्या हप्त्यानं एका राखीव खात्यात भरायचा. हे एस्क्रो खातं कोळसा नियंत्रकाच्या देखरेखीखाली असतं. नंतर हे दर वाढवले गेले. काम चालू असतानाच टप्प्याटप्प्यानं जमीन सावरत जायची आणि शेवट जवळ आला की पाच वर्षं आधी अंतिम आराखडा मंजूर करून घ्यायचा. झालेल्या कामाची तपासणी करू शकणाऱ्या संस्थांत आपल्या नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था 'नीरी'ही आहे.

व्यवस्था शहाणपणाची आहे. जोवर कोळसा विकला जातोय तोवरच त्याच्या क्रियाकर्माचे पैसे बाजूला काढायचे. पण ज्या खाणी २००९ आधीच बंद पडल्या, त्यांचं खातंच नव्हतं. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सरकारनं सुरू केली आणि १९०६ मध्ये बंद केली. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षांच्या कामाचा वारसा या जिल्ह्याच्या पोटात आहे. अशा जुन्या खाणींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं निघायला २०२२ साल उजाडलं. घुग्घुसचं घर गेलं तेही त्याच वर्षी.

(दृश्य: ओपनकास्ट खाण, पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा. तळाशी हिरवट पाणी.)

उघड्या खाणीची गोष्ट वेगळी. इथे पोकळी लपलेली नसते, ती आकाशाकडे तोंड करून असते. कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे 'ओबी', काढून डोंगर रचतात. खाण सुरू होतानाच वरची काळी माती वेगळी काढून ठेवली असेल तर शेवटी तीच ढिगाऱ्यावर पसरता येते. ती ओबीखाली गाडली गेली असेल तर मग दगडावर कितीही रोपं लावा. आधी गवत धरावं लागतं, मग झुडपं, मग झाडं. ढिगाऱ्याचा उतार सौम्य करावा लागतो, पाण्याला वाट काढून द्यावी लागते, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात चिखल नाल्यात आणि नाल्यातून शेतात.

चांगली उदाहरणंही आपल्याच भागात आहेत. वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीनं, नागपूर जिल्ह्यात ओबीतून वाळू काढली आणि ती घरबांधणीला दिली. पाटणसावंगीला खाणीतलं पाणी शुद्ध करून बाटलीतून 'कोल नीर' म्हणून विकलं. सावनेरला खाणीजवळ बाग झाली, खदान आतून कशी असते ते तिथे मुलांना पाहता येतं.

शेवटचा खड्डा मात्र बहुतेकदा तलाव होतो. त्याचा काठ तुटल्यासारखा सरळ उभा ठेवला, तर गुरं पाण्यावर जातात आणि परत येत नाहीत. पोरं पोहायला जातात. एका बाजूनं तरी चालत उतरता येईल असा उतार, आणि बाकी तिन्ही बाजूंनी कुंपण. गावाला यापेक्षा जास्त काही नको असतं.

(दृश्य: कामगार वसाहत. बंद दवाखाना, पाण्याच्या टाकीखाली रिकाम्या घागरी.)

गावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. खाण चालू असताना आतलं पाणी पंपानं बाहेर काढतात. त्यानं भोवतालच्या विहिरी आटतात, पण तेच पाणी पाटानं शेतातही येतं. पंप बंद झाले की पाट कोरडा पडतो, आणि विहिरींना पाणी परत यायला मात्र वर्षं लागतात. या मधल्या वर्षांत शेतकऱ्यानं काय करायचं, ते आराखड्यात आधी लिहिलेलं असलं पाहिजे.

कायम कामगाराची बदली होते. ठेकेदाराकडचा कामगार, ट्रकवाला, कँटीनचा पोरगा, सायडिंगजवळची चहावाली यांची बदली कुठे होणार? त्यांची नावं कोणत्याच मस्टरवर नसतात, म्हणून खाणबंदीच्या हिशोबातही नसतात. माझ्या मते आराखड्याचं पहिलं पान यांच्या यादीनं सुरू व्हायला हवं.

आणि जमीन. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं घेतलेली जमीन कोळसा संपला म्हणून मूळ मालकाकडे परत जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अशा जमिनीच्या वापराचं धोरण ठरवलं. सौर प्रकल्प, कोळशाशी निगडित उद्योग अशांना ती भाडेपट्ट्यानं देता येते, मालकी मात्र सरकारी कंपनीचीच राहते. ज्याच्या आजोबांनी नोकरीच्या बोलीवर शेत दिलं, त्याच्या हातात आज ना नोकरी, ना सातबारा. ढिगारा कितीही हिरवा झाला तरी या माणसासाठी खाण अजून बंद झालेली नाही.

(दृश्य: जर्मनी, रूर खोरं. बोट्रॉपचा खाणमनोरा.)

जर्मनीनं २००७ मध्येच दगडी कोळशाच्या खाणकामाचा शेवट ठरवला आणि त्यासाठी अकरा वर्षं घेतली. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रॉपच्या प्रॉस्पर-हानिएल खाणीतून निघालेला शेवटचा कोळसा कामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. तिथे काही भागांत जमीन २५ मीटरपर्यंत खचलेली आहे, त्यामुळे पंप थांबले तर वस्त्याच पाण्याखाली जातील. ते पंप कायमचे चालवावे लागणार. त्या खर्चासाठी एक स्वतंत्र निधी उभारला आहे, आणि या ओझ्याला त्यांनी नावच दिलंय, 'अनंतकाळची ओझी'.

आपल्याकडे बैतूल जिल्ह्यात, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशात, वेकोलिच्या पाथाखेडा एक, पाथाखेडा दोन आणि सातपुडा दोन या भूमिगत खाणींना अंतिम खाणबंदी प्रमाणपत्र मिळालं. देशातली ही पहिली अशी प्रमाणपत्रं. दोन शतकांहून जास्त काळ कोळसा काढणाऱ्या देशात, कागदोपत्री नीट बंद झालेल्या पहिल्या तीन खाणी.

(दृश्य: पावसाळा संपतानाचं रान. गवतातून वर आलेला लोखंडी पाइप, त्यावर कुलूपबंद टोपी.)

हे निरीक्षणाचं बोअर, बंद खाणीतलं पाणी किती चढलं ते मोजायचं. सर्व्हेच्या माणसानं कुलूप काढलं, टेप आत सोडला. टोक पाण्याला लागलं की टेपच्या रिळातून बारीक आवाज येतो. तो आकडा वहीत लिहितो, मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहतो. पाणी चढलंय. काखेतला नकाशा गवतावर पसरतो, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतो, आणि या उंचीला पाणी आलं की कोणता बोगदा भरतो, त्याच्या वर आज कोणाचं घर आहे, ते बोट फिरवत शोधू लागतो.